दुखण्याचं शुद्ध मराठी

मी आजवर जे काही लिहिलं, त्यातलं लोकांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेलं लिखाण एकच, आणि नेमकं त्याच लिखाणाखाली माझं नाव छापलं जायला नको होतं. शाळेच्या वार्षिकांकात मी सलग अठरा वर्षं संपादकीय लिहितो आहे. ते आमच्या मुख्याध्यापकांनीही वाचलेलं नाही. हे मात्र आमच्या सांडोर गावापासून पार होळी बाजारापर्यंत घरोघरी वाचलं गेलं, मोठ्याने वाचलं गेलं, आणि वाचून झाल्यावर बायका दार उघडून आमच्या घराच्या दिशेने बघायला लागल्या.

ते होतं मासिक पाळीतल्या वेदनांवरचं एक पानी पत्रक.

वसईतल्या एका हायस्कूलात मराठी शिकवणाऱ्या, एक्कावन्न वर्षांच्या, सॅन्टन रुमाव नावाच्या माणसाचा या विषयाशी संबंध काय, हा प्रश्न मलाही पडला होता. पण माझी बायको तेरेसा आमच्या चर्चच्या महिला मंडळाची सेक्रेटरी आहे. मंडळाने डॉ. अश्लेषा पेडणेकर या होमिओपॅथीच्या डॉक्टरबाईंचं व्याख्यान ठेवलं होतं. बाईंचा दवाखाना होळीला. व्याख्यानाआधी वाटायला म्हणून त्यांनी टिपणं काढली होती, ती अर्धी इंग्रजीत आणि अर्धी अशा मराठीत की वाक्य सुरू झालं की संपायचं कुठे हे त्यालाच ठाऊक नसावं. तेरेसा त्यांना म्हणाली, इकडे द्या, आमचे हे नीट मराठी करून देतील. माझं नाव तिनेच सुचवलं, हे मी इथे मुद्दाम नमूद करून ठेवतो. (घरी आणि गावात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे मी सगळ्यांना शाळेच्या मराठीत बोलायला लावलं आहे. सवय आहे, चालवून घ्या.)

डॉक्टरबाई स्वतः घरी येऊन समजावून गेल्या. होमिओपॅथीच्या जुन्या पुस्तकांत म्हणे नुसतं 'पोट दुखतं' एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही. दुखणं कुठे सुरू होतं, कुठे सरकतं, शेकल्याने बरं वाटतं की मोकळ्या हवेत, रडू येतं की राग, कोणी जवळ बसलेलं हवं असतं की नको, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. थोडक्यात, पुस्तकात दुखण्याचं वर्णन कमी आणि दुखणाऱ्या बाईचं जास्त. अशी सहा वर्णनं त्यांनी निवडली होती. औषधांची नावं त्यांनी मुद्दाम गाळली होती, नाहीतर बायका दुकानात जाऊन परस्पर गोळ्या आणतात. त्याऐवजी एक ते सहा आकडे घातले होते. ही सगळी जुनी, परंपरेने चालत आलेली वर्णनं आहेत, यावरून कोणी आपला आजार ठरवू नये, असंही त्या म्हणाल्या. आणि शेवटी एक ओळ ठळक छापायला सांगितली: दर महिन्याला हातातलं काम सोडायला लावणारं दुखणं असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन सोनोग्राफी करून घ्या.

मी कामाला लागलो. पहिल्या क्रमांकाची बाई मऊ स्वभावाची, सहज डोळ्यांत पाणी येणारी, दुखणं आज इथे तर उद्या तिथे. बंद खोलीत जीव घुसमटतो, कोणी पाठीवर हात ठेवला की बरं वाटतं. दुसरी भयंकर चिडकी. वेदना बिलकुल सोसत नाही, उलट उत्तरं देते, एखादी वस्तू मागते आणि हातात दिली की भिरकावते. तिसरीचं दुखणं राग किंवा अपमान गिळल्यावर उसळतं. ती कमरेत वाकून, पोटावर काहीतरी टणक दाबून धरते. चौथी अखंड बोलणारी, या विषयावरून त्या विषयावर उड्या मारणारी आणि संशयी. गळ्याशी, कमरेशी घट्ट काही सोसत नाही. सहावीला वीज चमकावी तशी कळ येते आणि गरम पाण्याच्या पिशवीने उतरते.

पाचवी मधेच वगळली, कारण पाचवीपाशी मी पेन खाली ठेवलं होतं.

पाचवीला ओटीपोटातून सगळं खाली ओढलं जात असल्यासारखं वाटतं. ती थकलेली असते. घरच्या माणसांचा तिला वीट आलेला असतो. नवरा आणि मुलं यांच्याविषयी ती उदासीन असते, आणि समजूत घालायला गेलं तर जास्तच भडकते.

माझ्या डोक्यात एक तारीख उभी राहिली. नोव्हेंबरात तेरेसा याच दवाखान्यात जाऊन आली होती. मी विचारल्यावर सर्दी आहे म्हणाली. पण ती तिथे दीड तास होती. सर्दीला दीड तास लागत नाही. दीड तासात माणूस काय काय सांगू शकतं, याचा मला अंदाज आहे, कारण मी पालकसभा घेतो. आमचा मुलगा मेलरॉय पुण्याला नोकरीला. त्याला ती दिवसातून दोनदा फोन करते. तेव्हा मुलांविषयीची उदासीनता बाद. उरलेली सगळी माझ्या वाट्याला येत होती.

मी तिला बारकाईने न्याहाळायला लागलो. चहा पूर्वीसारखा गरम असतो की नाही, मी बोलताना ती माझ्याकडे बघते की आमटीकडे. एकदा सहज म्हणालो की मला बहुतेक प्रशिक्षणाला तीन दिवस नाशिकला जावं लागेल. ती म्हणाली, 'शर्ट किती काढू?' याचा अर्थ काय घ्यायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. मी एका वहीच्या मागच्या पानावर 'शर्ट' एवढाच शब्द लिहून ठेवला.

शेवटी एका शब्दाची शंका विचारायचं निमित्त करून मी दवाखान्यात गेलो. 'उदासीन' बरोबर की 'अलिप्त', असं विचारलं. बाई म्हणाल्या, काहीही चालेल. मग हळूच विचारलं की ही वर्णनं पुस्तकातलीच ना, की आसपासची? त्या म्हणाल्या की पुस्तकातली, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची, परदेशातली. पण अशा बायका इथेही येत असतील, असं मी म्हणालो. येतात, असं त्या म्हणाल्या. सांडोरहूनही? यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि सांगितलं, पेशंटचं बोलणं मी कोणाला सांगत नाही, नवऱ्यालाही नाही.

'नवऱ्याला' हा शब्द मी उच्चारला नव्हता. तो त्यांनी आपणहून काढला.

इकडे पत्रक चर्चच्या कारभारी मंडळापुढे, म्हणजे पॅरिश कौन्सिलपुढे, मंजुरीला गेलं. तिथे आम्ही सात पुरुष आणि फादर ज्युड. मथळ्यातल्या 'मासिक पाळी' या शब्दांवर सव्वा तास चर्चा झाली. एकाचं म्हणणं, हा शब्द चर्चच्या फलकावर बरा दिसणार नाही. दुसऱ्याने 'महिलांच्या अडचणी' सुचवलं, तर तिसरा म्हणाला की मग बायका नळाच्या पाण्याच्या तक्रारी घेऊन येतील. माझा शेजारी फेबियन केळीची वाडी करतो आणि प्रत्येक विषयावर त्याच्याकडे सल्ला तयार असतो. त्याने 'त्या दिवसांतला त्रास' असं सुचवलं. मी भाषेचा शिक्षक या नात्याने उभा राहिलो आणि 'पाळी' या शब्दाची व्युत्पत्ती, अर्थच्छटा आणि वापर यावर वीस मिनिटं बोललो. त्यानंतर सगळ्यांनी एकमताने मथळा मंजूर केला. फादरांनी फक्त एक अट घातली: कोणी विचारलं तर जबाबदार माणूस कोण ते कळावं, म्हणून तळाशी 'शब्दांकन: सॅन्टन रुमाव' असं छापावं. मला तो सन्मान वाटला.

पण त्या नावाला जागा हवी होती, आणि पान भरलं होतं. अक्षर लहान करून बघितलं तर वाचवेना. तेव्हा मी एक ओळ काढली. कोणती, ते पुढे येईलच.

सभागृहातल्या कार्यक्रमाला एका सरकारी कार्यालयाचं परवानगीपत्र लागत होतं. तिथल्या कारकुनाला पत्रक आरोग्यात बसवायचं की जाहिरातीत हे ठरवता येईना. वाचून बघतो म्हणून त्याने एक प्रत घरी नेली. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर त्याने मला खुर्ची दिली, आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, 'सर, आमच्याकडे दोन नंबर आहे. हे तुम्हाला कोणी सांगितलं?' मी म्हणालो, कोणी नाही. त्याने शिक्का मारला, पण मी जिना उतरेपर्यंत तो माझ्याकडे बघत होता.

इथे मी सावध व्हायला हवं होतं.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर पत्रकं वाटली गेली. दुपारपर्यंत गावातल्या बायकांना नावांऐवजी आकडे पडले होते. अमकी एक, तिची सून दोन, आणि अर्नाळ्याहून लग्न होऊन आलेली ती तर धडधडीत सहा. फेबियन मला म्हणाला की त्याच्या घरी महिन्यागणिक आकडा बदलतो. ही गंमत सोमवार सकाळपर्यंत टिकली. मग कोणाच्या तरी मनात आलं की इतकं तंतोतंत लिहिणाऱ्याला हे कळलं कसं?

विहिरीपलीकडे आमच्या खिडकीसमोर ज्युली राहते. ती पत्रकाची घडी हातात घेऊन आली. दारातच तिने विचारलं, 'सर, मी संशयी आहे का?'

मी म्हणालो, नाही. त्यावर तिने मग चौथा नंबर कोणाला बघून लिहिला असं विचारलं. मागच्या महिन्यातच तिने शिंप्याकडून गाऊनचे गळे सैल करून घेतले होते, ते मला कोणी सांगितलं. आमची खिडकी अलीकडे उघडी का असते. आमच्या नारळाच्या झावळ्या तिच्या कौलांवर का पडतात. शाळेत तिच्या भाच्याला मराठीत कमी गुण कोणी दिले. आणि या सगळ्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का. पाऊण तासात ती किमान नऊ विषयांवरून फिरून आली, आणि सबंध वेळ गळ्याशी बोट घालून कॉलर ओढत होती. मी लिहिलेलं वर्णन माझ्यासमोर उभं राहून मलाच जाब विचारत होतं, आणि ते तिला सांगायची मला सोय नव्हती.

जाताना ती म्हणाली की तिच्या मनातला संशय तिने जगात फक्त एका ठिकाणी बोलून दाखवला होता, तो फादरांपुढे, कन्फेशनमध्ये.

मंगळवारी फादर ज्युड स्कूटरवरून आमच्या अंगणात आले. चहा नको म्हणाले. तीन बायकांनी त्यांना येऊन विचारलं होतं की आमचं कन्फेशन बाहेर कसं गेलं. फादर शांत माणूस आहे, पण त्या दिवशी त्यांच्या कपाळावर एक शीर दिसत होती. त्यांनी मला विचारलं की चर्चमध्ये मी नेहमी कन्फेशनच्या खणाशेजारच्याच बाकावर का बसतो. मी सांगितलं की तिथे पंखा आहे. ते म्हणाले, 'पंखा दुसऱ्या बाजूलाही आहे, सर.' गेली पंधरा वर्षं मी त्या बाकावर देवाच्या आणि पंख्याच्या ओढीने बसत होतो. पुढच्या रविवारी मी मागच्या दारापाशी उभा राहिलो. तर लोक म्हणाले, बघा, जागा बदलली.

फेबियनने सल्ला दिला की ताबडतोब खुलासा काढ. मी तो काढला आणि फलकावर लावला: 'सदर पत्रकातील वर्णनांचा गावातील कोणत्याही स्त्रीशी संबंध नाही, तसा आढळल्यास तो योगायोग समजावा.' ज्यांनी आतापर्यंत पत्रक वाचलं नव्हतं त्या बायका खुलासा वाचून पत्रक मागायला आल्या. होळीहून काही बायका रिक्षा करून आल्या. शाळेत शिक्षिका डबा खायला वेगळ्या वर्गात बसू लागल्या. ज्या शाळेत मी सव्वीस वर्षं मान खाली घालून वह्या तपासल्या, तिथे आता मी मान वर केली की कोणीतरी ओढणी सारखी करत होतं.

बुधवारी पाचूबंदरची इजाबेल मासळी घेऊन आली. ती वीस वर्षं आमच्या दारात येते. तिला वाचता येत नाही, पण कोणीतरी पत्रक वाचून दाखवलं होतं. टोपली खाली ठेवत ती म्हणाली, 'मास्तर, गरम पानी पोटाला लावते ती मीच ना?' मी म्हणालो, बाई, हे पुस्तकातलं आहे. तिने मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही. मग मला आपादमस्तक बघून म्हणाली, 'सगल्यांचा लिवला. तुज्या बायकोचा काय लिवला?'

म्हणजे तिलाही माहीत होतं. पाचव्या नंबराची बातमी समुद्रापर्यंत पोचली होती. मी आत जाऊन वहीच्या मागच्या पानावर 'इजाबेल' असं लिहिलं.

व्याख्यानाच्या दिवशी सभागृहात पन्नास खुर्च्या मांडल्या होत्या आणि दीडशे बायका आल्या. फादर ज्युड पहिल्या रांगेत. मला शब्दांकनकार म्हणून मंचावर बसवलं होतं. डॉक्टरबाई बोलायला उभ्या राहिल्या आणि त्यांचं पहिलं वाक्य संपायच्या आत ज्युली उभी राहिली. तिने सर्वांच्या वतीने विचारलं की हे सगळं सरांनी कोणाला बघून लिहिलं, ते आधी कळू दे.

डॉक्टरबाईंनी जाड पुस्तक वर धरून दाखवलं. ही वर्णनं आपल्या जन्माआधीची आहेत, असं सांगितलं. एका बाईने विचारलं की परदेशातल्या पुस्तकाला सांडोरची माहिती कशी? यावर डॉक्टरबाईंनी पत्रकाची छापील प्रत पहिल्यांदाच नीट हातात घेतली आणि वरून खालपर्यंत वाचली. मग उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

'सर, शेवटची ओळ कुठे आहे?'

मी म्हणालो की जागा पुरली नाही.

'सोनोग्राफीची ओळ नाही, आणि तुमचं नाव आहे?'

सभागृहात मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली, ती पुढे येत गेली. मी उभा राहून मांडणी, समास आणि अक्षराचा आकार यावर काही सांगू लागलो. ज्युली म्हणाली, बायकांच्या उपयोगाची एकच ओळ होती ती यांनी काढली आणि आमचे गळे मात्र ठेवले. फादरांनी डोळे मिटून घेतले. कोणीतरी म्हणालं की या माणसाला मंचावरून खाली उतरवा, खिडकीत बसून बायकांवर नजर ठेवतो.

तेव्हा सेक्रेटरीच्या टेबलामागे उभ्या असलेल्या तेरेसाने हात वर केला. ती माइकजवळ आली नाही. टेबलाची कड धरून जागेवरूनच बोलली.

'यांनी कोणावर नजर ठेवलेली नाही. ते मी शपथेवर सांगते. लग्नाला तेवीस वर्षं झाली. दर महिन्याला दोन दिवस मी ओट्याच्या कडेवर पोट दाबून उभी असते. हे चार पावलांवर पेपर वाचत असतात. आणि विचारतात, चहाला उशीर का.'

बायका हसल्या. खूप हसल्या. मलाही हायसं वाटलं, कारण वातावरण निवळत होतं.

'कधी पाट्यावरचा वरवंटा पोटाशी धरून बसते,' ती म्हणाली. 'एकदा यांनी पाहिलं. म्हणाले, मसाला वाटून झाला का? ज्या माणसाला घरातली एक बाई दिसली नाही, तो गावातल्या दीडशे कधी बघणार? उगीच त्याच्यावर आळ घेऊ नका.'

या वेळी कोणी हसलं नाही. ज्युली खाली बसली. बसताना तिने तेरेसाच्या हाताकडे पाहिलं, तो टेबलाच्या कडेवर होता आणि बोटांची नखं पांढरी झाली होती. मग तिने उठून स्वतःची खुर्ची तेरेसाला नेऊन दिली.

मी निर्दोष सुटलो. इतक्या भक्कम साक्षीवर इतका पूर्णपणे निर्दोष सुटलेला माणूस वसई तालुक्यात दुसरा नसेल. पुढचं व्याख्यान मी मंचावर बसून ऐकलं, म्हणजे मी तिथे होतो.

घरी आल्यावर मी तिला नोव्हेंबरबद्दल विचारलं. सर्दी नव्हती, ती म्हणाली. दुखणं फार वाढलं होतं म्हणून गेली होती. डॉक्टरबाईंनी दीड तास प्रश्न विचारले. दुखणं कोणत्या बाजूने येतं, किती वाजता, पालथं पडल्यावर कसं वाटतं, त्या वेळी मनात काय येतं. मग गोळ्या दिल्या आणि सोनोग्राफीची चिठ्ठी लिहून दिली, आधी हे कर असं बजावून.

'गोळ्यांनी गुण आला?'

'नाही. गोड होत्या.' मग ती म्हणाली, 'पण दीड तास कोणीतरी विचारत होतं. मला रडूच आलं तिथे.'

चिठ्ठी तिने गीतांच्या पुस्तकात ठेवली होती. नाताळ होऊ दे, मग मंडळाचं व्याख्यान होऊ दे, असं करत ती तिथेच राहिली. मी तिला तिचा नंबर विचारला. ती तीन म्हणाली. मी विचारलं, पाच नाही? तिला कळेना की पाच कशाला. मग मला सगळं सांगावं लागलं, दवाखान्यातली माझी फेरी, नाशिकचं प्रशिक्षण, वहीचं मागचं पान. 'शर्ट' या शब्दापाशी ती हसू लागली आणि पोट धरून खाली बसली. या वेळी मी तिच्याजवळ गेलो. हसण्याने पोट धरलं आहे की दुखण्याने, ते मला ओळखता आलं नाही, आणि मी ते विचारलं. दोन्ही, ती म्हणाली.

'तुमचा कंटाळा यायला निवांत वेळ लागतो,' ती म्हणाली. 'तो मला मिळाला कधी?'

पत्रकाची दुसरी आवृत्ती निघाली. तीत सोनोग्राफीची ओळ मथळ्याच्याही वर आहे आणि शब्दांकनकाराचं नाव नाही. ती वाचून आठ-नऊ बायका तपासणीला गेल्या, त्यांत ज्युलीही होती. तिला काही निघालं नाही, आणि मशीन नीट होतं का अशी तिला अजून शंका आहे. तेरेसाच्या गर्भाशयात चिकूएवढी गाठ निघाली. धोक्याची नव्हती. मेच्या सुट्टीत ऑपरेशन झालं आणि ते नीट पार पडलं. जूनमध्ये ओट्यापाशी ती सरळ उभी होती. मी चार वेळा खात्री करून घेतली, पाचव्यांदा तिने मला अंगणात पाठवलं.

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी आम्हाला दोघांना समोर बसवलं आणि त्रास नेमका कसा आणि कधीपासून ते सांगा म्हणाल्या. मी तयारी करून गेलो होतो. गेल्या दोन महिन्यांत मी जे जे पाहिलं होतं ते मुद्देसूद मनात मांडलं होतं. मी सुरुवात केली की वेदनेचं स्वरूप प्रामुख्याने पिळवटणारं असून ती अधूनमधून... डॉक्टरबाईंनी मला मधेच थांबवलं आणि विचारलं, 'सर, तुम्हाला दुखतं का?'

मग तेरेसा बोलली. आमच्या बोलीत बोलली, मधे मधे शब्द शोधत, काही ठिकाणी व्याकरण सोडून. माझ्या घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटं. बाळंतपणानंतरचं सांगितलं, सासूबाईंच्या आजारपणातलं सांगितलं, मेलरॉयच्या दहावीच्या वर्षातलं सांगितलं. यातल्या प्रत्येक दिवशी मी घरात होतो.

सगळ्यात वाईट दुखणं कधीचं, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. तेरेसाने माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, यांना आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला त्या दिवशीचं. घरी सत्तर माणसं जेवायला होती. सकाळपासून उभी होती. शेवटी शेवटी समोरचं नीट दिसत नव्हतं.

तो दिवस मला चांगला आठवतो. संध्याकाळी सभागृहात मी आभाराचं भाषण केलं होतं आणि त्यात माझ्या हसतमुख पत्नीचा खास उल्लेख केला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती पहिल्या रांगेत होती, तिनेही वाजवल्या, एका हाताने, समोरच्या टेबलावर. दुसरा हात कुठे होता ते मी पाहिलं नव्हतं.